दारात लटकलेली महामुंबई

मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र करण्याबाबतचा पर्सी मिस्त्री समितीचा अहवाल २००७ मध्ये आला. वित्तीय कायद्यांबरोबरच शहराच्या पायाभूत सुविधा आणि कारभार यांवरही त्याने बोट ठेवले होते. देशाचे पहिले आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र मात्र गुजरातेतील गिफ्ट सिटीत उभे राहिले. त्यात राजकारण होतेच; पण मुंबईची दुरवस्था हे त्याहून जुने दुखणे आहे.

२०२४ पासून शहराचे रूप पालटते आहे, हे मान्यच केले पाहिजे. सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू झाला, सागरी किनारा मार्ग खुला झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पोहोचली. यांत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती भुयारी मेट्रो, कारण मोटार नसलेल्या मुंबईकराला तीच उपयोगी आहे. सेतूवर आणि किनारा मार्गावर तर दुचाकीलाही मज्जाव.

जगातल्या कंपन्या शहर निवडताना विमानतळ पाहतात, तसेच आपला कर्मचारी कुठे राहू शकेल आणि कामावर कसा पोहोचेल, हेही पाहतात. मुंबईत तो लोकलने पोहोचतो. उपनगरी रेल्वेने रोज सत्तर लाखांच्या आसपास प्रवास होतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या चकचकीत कचेऱ्या चालवणारी माणसे बदलापूर-विरारहून उभ्याने येतात, कारण जवळचे घर त्यांच्या आवाक्यात नाही. २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मेले. ज्या शहरात कामावर जाताना माणसे मरतात, त्या शहराने सिंगापूरशी बरोबरी सांगू नये.

दुसरीकडे बेस्टचा बसताफा आटतच चालला आहे. मेट्रोतून उतरलेल्या प्रवाशाला पुढच्या दीड किलोमीटरसाठी बस मिळत नाही आणि धड पदपथही नाही. रेल्वे, एमएमआरडीए, महापालिका आणि बेस्ट आपापल्या हद्दीपुरते पाहतात. प्रवाशाला मात्र या सगळ्या हद्दी एकाच सकाळी ओलांडाव्या लागतात.

बंद दारांच्या जादा लोकल, प्रत्येक मेट्रो स्थानकावरून बस आणि स्थानकाभोवती मोकळे पदपथ या कामांना सागरी पुलांइतकाच निधी आणि तितकीच पक्की मुदत मिळायला हवी. पुढच्या सागरी मार्गाचा नारळ फोडण्याआधी राज्य सरकारने आणि रेल्वेने ती मुदत एकत्र जाहीर करावी.