खोली आहे, पण आडनाव काय?

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या औरंगाबादेतून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातून, वेरूळ-अजिंठ्याकडे पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते. या धंद्यात सध्या ‘होमस्टे’ला भाव आला आहे. हॉटेलात न उतरता गावातल्या कुटुंबाच्या घरी राहायचे, घरची भाकरी खायची, माणसांशी बोलायचे, असा हा प्रकार. पर्यटन विकास महामंडळाची न्याहारी-निवास योजना जुनीच आहे. २०२४ साली केंद्राने आदिवासी भागांत एक हजार होमस्टे उभारण्याची योजना आखली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा केली. कल्पना चांगली आहे. परंतु या घरांची दारे कोणाकोणासाठी उघडणार, याची चर्चा मात्र कोठेच नाही.

काही वर्षांपूर्वी कुटुंबासह कोकणात जायचे ठरले. एका गावातल्या घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी फोन केला. दोन खोल्या रिकाम्या होत्या. भाडेही ठरले. मग मालकांनी आडनाव विचारले. सांगितले. ‘‘मूळ गाव कुठलं?’’ तेही सांगितले. ‘‘तसं नव्हे, तुमचं कुलदैवत कोणतं?’’ मी म्हणालो, आम्ही बौद्ध आहोत. क्षणभर शांतता, मग ‘‘घरात विचारून कळवतो.’’ अर्ध्या तासाने निरोप आला, खोल्या अगोदरच गेल्या आहेत. त्याच संध्याकाळी माझ्या एका सवर्ण वकील मित्राने त्याच तारखांसाठी फोन केला. खोल्या होत्या! ‘‘पण बाबा, आधी तर हो म्हणाले होते ना?’’ या मुलीच्या प्रश्नाला वीस वर्षे वकिली करणाऱ्या बापाकडे चटकन उत्तर नव्हते.

उत्तर बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे ठाकले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र होता, त्यांच्याही घराचे दार उघडले नाही. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत अपमान नको म्हणून प्रवासाची वाच्यता केली नव्हती. जिथे मुक्काम करायचा, तिथल्या आपल्याच माणसांना तेवढे कळवले होते. तरीही दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदावर हातपाय धुतले म्हणून ‘हौद बाटवला’ असा गिल्ला झाला. अखेर किल्ला पाहायला मिळाला, पण पाण्याला शिवू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई देऊन! ओरडणारे तिथले मुसलमान होते. जातीचा रोग कोणत्या एका धर्माच्या उंबऱ्यावर थांबत नाही, हे बाबासाहेबांनी या दोन प्रसंगांतून दाखवून दिले. दौलताबादचा हौद आणि कोकणातला तो फोन यांत अंतर आहे ते एवढेच, की आता ओरडत नाहीत. गोड आवाजात ‘खोली गेली’ म्हणतात.

‘माझे घर आहे, मी कोणाला घ्यायचे ते मी ठरवीन,’ असे यावर सांगितले जाते. अमेरिकेत या युक्तिवादाला कायद्यानेच जागा दिली. तिथल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला वर्णभेद बंद केला, पण मालक स्वतः राहत असलेल्या आणि पाचपर्यंतच खोल्या भाड्याने देणाऱ्या घराला सूट ठेवली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या संशोधकांच्या अभ्यासात असे दिसले, की एअरबीएनबीवर काळ्या समाजातले वाटणारे नाव असले की खोली मिळण्याची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी घटते. त्यांचे नाव, आपले आडनाव!

आपल्याकडे मात्र अशी सूट नाही. संविधानाच्या कलम १५(२) नुसार दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून मज्जाव करता येत नाही. ‘दुकान’ शब्दाचा अर्थ काय, असे २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत विचारले गेले, तेव्हा जो कोणी येणाऱ्या माणसाला आपली सेवा देऊ करतो त्याची जागा म्हणजे दुकान, असा व्यापक अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थाचा आधार घेतला. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ मध्ये तर ‘हॉटेल’च्या व्याख्येतच लॉजिंग हाऊस आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांना सभासद करण्याचा नियम मान्य केला, हे खरे. पण तो संस्थेच्या सभासदत्वाचा वाद होता. जाहिरात करून, पैसे घेऊन वाटसरूला खोली देणारा हा दुकानदारच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या दिवशी भाड्याचा फलक लागला, त्या दिवशी त्या खोलीपुरते घराचे खासगीपण संपले.

या कायद्याच्या कलम १२ कडेही लक्ष वेधतो. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला अशी मनाई झाली, तर ती अस्पृश्यतेच्या कारणानेच झाली असे न्यायालय गृहीत धरते. तसे नाही, हे आरोपीने सिद्ध करायचे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला असल्याने हे संरक्षण आपल्यालाही आहे. गुन्हा दखलपात्र आहे. म्हणून असे घडले तर अपमान गिळून बसू नका. फोनची वेळ लिहून ठेवा, मोबाइलवरचे संदेश पुसू नका, दुसऱ्याने फोन केला असेल तर तो साक्षीदार समजा आणि लेखी तक्रार द्या. मी दिली नाही. सहलीचा विचका नको म्हणून गप्प बसलो, ही माझी चूक होती.

आता दुसरी बाजू. पाहुणे येतात, पैसा येतो, तो कोणाच्या घरात जातो? क्यूबा या कॅरिबियन बेटावर १९९७ पासून कुटुंबांना परवाना घेऊन पाहुण्यांना खोल्या देता येतात. जगभरचे प्रवासी तिथे असे घरोघरी राहत बेट फिरतात. पण चांगल्या वस्तीतली मोठी घरे बहुतांशी गोऱ्या कुटुंबांकडे असल्याने या कमाईत काळे क्यूबन मागे राहिले. समाजवादी देशात हे घडले, तर आपल्याकडे काय होईल? थायलंड, श्रीलंका, जपानचे उपासक बुद्धाच्या ओढीने अजिंठा-वेरूळला येतात. पायथ्याच्या गावांतल्या बौद्धाचे घर मात्र गावकुसाबाहेर, दोन पत्र्यांचे. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा नावावर नसेल, तर बँक मुद्रा कर्जाच्या अर्जाकडे ढुंकूनही पाहत नाही. लेणी बुद्धाची आणि बुद्धाच्या अनुयायाने बाहेर शहाळी विकायची, हे किती दिवस चालणार?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. होमस्टेच्या नोंदणीत भेदभाव न करण्याचे हमीपत्र घ्या आणि ते मोडल्यास नोंदणी रद्द करा. ओळखपत्र पाहुणा दारात आल्यावर तपासा; खोली देण्यापूर्वी जात, कुलदैवत विचारणे बंद करा. आदिवासी गावांसाठी जशी योजना आखली, तशी लेण्यांच्या परिसरातल्या बौद्ध आणि दलित वस्त्यांसाठी आखा; त्यात घराचे उतारे नावावर करून देण्याचे कामही धरा.

आपल्या चळवळीला घरगुती मुक्काम नवा नाही. नामांतराच्या लढ्यात गावोगावचे कार्यकर्ते या शहरातल्या वस्त्यांत, अनोळखी माणसांच्या ओसरीवर झोपले आणि पिठलं-भाकर खाऊन सकाळी मोर्चात गेले. त्या घरांत जागा नव्हती, पण दार उघडे होते. सरकारने आता कर्ज आणि परवाना द्यावा. पाहुण्याला कसे वागवायचे, हे आपल्या वस्त्यांना शिकवावे लागणार नाही.

जयभीम!