सेशन कुठे ठेवता राव?

शनिवारी घोटीला घरी होतो. अण्णा कुठल्याशा योजनेचा ऑनलाइन फॉर्म भरत बसले होते. चौथ्या पानावर 'पुढे' दाबलं, की साईट थेट लॉगिनवर! पुन्हा ओटीपी, पुन्हा गट नंबर. असं तीनदा झालं. अण्णा म्हणाले, "आपल्याकडे रेंजच नाही रे." रेंज फुल्ल होती, मंडळी.

साईट कोणाची ते सोडा. हे लक्षण मी ओळखतो, कारण पहिल्या नोकरीत हेच पाप मी स्वतः केलंय.

एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. म्हणून ब्राउझरला कुकीत एक आयडी द्यायचा आणि बाकीचं सर्व्हरने लक्षात ठेवायचं, हे सेशन. गर्दी वाढली की आपण चार सर्व्हर लावतो, पुढे लोड बॅलन्सर, आणि सेशन मात्र ज्याच्या त्याच्या मेमरीत. पुढचं पान दुसऱ्या सर्व्हरकडे गेलं की तिथे अण्णा नावाचा माणूसच नाही! आमच्या इथल्या राईस मिलवाल्याने तीन खिडक्या उघडून प्रत्येकीला वेगळी वही दिली, तर शेतकरी त्याला काय बोलतील ते इथे लिहिता येणार नाही.

यावर आपल्या फील्डचा लाडका उपाय म्हणजे स्टिकी सेशन. ज्या सर्व्हरवर आलात त्यालाच चिकटून राहा. आणि तो रिस्टार्ट झाला की? चिकटलेले सगळे बाहेर! मग कोणीतरी म्हणतो, सगळीकडे कॉपी ठेवू. टॉमकॅटचा डेल्टामॅनेजर तेच करतो, पण मोठ्या क्लस्टरला तो वापरू नका असं त्याच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये आहे (वाचतो कोण म्हणा). जेडब्ल्यूटीवाले सगळं टोकनमध्ये कोंबतात. पण लॉगआउट केलेलं टोकन मुदतीआधी रद्द करायचं तर यादी ठेवावीच लागते, म्हणजे वही आलीच की परत.

अरे, मग वही एकच ठेवा ना, सर्व्हरच्या बाहेर! एएसपी डॉट नेटमध्ये ही सोय २००२ पासून होती. मेमकॅश्ड २००३ चं, रेडिस २००९ चं. मेमकॅश्ड भरला की जुनं फेकून देतो, म्हणून मी रेडिस घेईन, तोही रेप्लिका लावून. आणि भरलेली पानं सेशनमध्ये ठेवायचीच कशाला? ड्राफ्ट म्हणून डेटाबेसमध्ये टाका. आमच्याकडे हे काम वर्षभर 'पुढच्या फेजमध्ये' होतं. असो.

रात्री साडेअकराला फॉर्म एकदाचा गेला. अण्णा म्हणाले, "बघ, आता आली रेंज."