सुई टोचली म्हणजे दया झाली?

फाशीचा दोर रानटी आहे, तेव्हा गुन्हेगाराला इंजेक्शन देऊन मारा, अशी एक याचिका 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. विधी आयोगानेही 2003 साली हा पर्याय सुचवला होता. विद्वज्जनांचा हेतू शुद्ध असेल, युक्तिवाद मात्र साफ पोकळ आहे. ज्या अमेरिकेकडे बोट दाखवायचं, तिथे या सुईने काय दिवे लावले ते तरी बघाल की नाही?

टेक्सासने 1982 मध्ये पहिल्यांदा इंजेक्शनने माणूस मारला. रीत पडली ती तीन औषधांची. पहिलं बेशुद्ध करतं, तिसरं हृदय बंद पाडतं. आणि मधलं? ते स्नायू लुळे पाडतं. म्हणजे पहिल्याने दगा दिला, तर माणूस आतून जळत असतो आणि वरून शांत दिसतो. ओरडता येत नाही, बोटही हलत नाही. मग हे मधलं औषध कोणासाठी? मरणाऱ्यासाठी? छे! काचेपलीकडच्या साक्षीदारांना रात्री झोप लागावी म्हणून. असल्या करुणेची मला किळस येते.

बरं, शीर शोधणार कोण? अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेने सभासदांना या कामात भाग घ्यायला मनाई केली आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये अलाबामाच्या तुरुंगात केनेथ स्मिथला बांधून सुया टोचत राहिले. आधी हातात, मग गळ्याजवळच्या हाडाखाली. जमेना. मध्यरात्री वॉरंटची मुदत संपत होती, म्हणून त्याला जिवंत परत नेलं. जानेवारी 2024 मध्ये पुन्हा आणलं, तोंडावर मुखवटा बांधला आणि नायट्रोजन सोडला. काही सेकंदांत शुद्ध जाईल, असं राज्याचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात तो कित्येक मिनिटं झटके देत होता, पट्ट्यांना हिसडे देत होता. दुसऱ्या दिवशी राज्याच्या महाधिवक्त्याने या प्रकाराची वाखाणणी केली! आणि अमेरिकी पशुवैद्यकांची मार्गदर्शिका सांगते की बहुतेक सस्तन प्राण्यांना मारायला हा वायू योग्य नाही.

आपलेही हात कोरडे नाहीत. बेशुद्धीचं ते औषध अमेरिकेत मिळेनासं झालं, तेव्हा मुंबईच्या एका कंपनीने ते नेब्रास्का आणि साउथ डकोटाला विकलं. बोंब झाल्यावर, 2011 मध्ये, थांबवलं.

शिवाय यातना शेवटच्या दहा मिनिटांतच असतात, हे कोणी ठरवलं? रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींच्या दयेच्या अर्जांवर जवळजवळ आठ वर्षं घालवली गेली. या दिरंगाईपायी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. पोरांचे जीव घेणाऱ्या त्या दोघींबद्दल मला तिळमात्र कणव नाही. पण रोज सकाळी, आज आपली पाळी का, या धास्तीने उठवत ठेवणं ही शिक्षा कुठल्या कलमात लिहिली आहे? तिच्यावर कोणती सुई चालणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

सरकारला मारायचंच असेल तर दोर ठेवा आणि डोळे उघडे ठेवून बघा. बघवत नाही? मग मारू नका. 2015 साली विधी आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे सोडून बाकी सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करा, अशी शिफारस केली. ती अजून धूळ खाते आहे. संसदेने ती उचलावी, त्यातला अपवादही काढून टाकावा आणि कायदा करावा.