तक्रार भुंकण्याची, शिक्षा हद्दपारीची

शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या की घरातल्या कुत्र्याबाबत आपल्याकडे एक तोडगा हमखास सुचवला जातो: ‘गावाकडं मळ्यावर सोडून द्या, तिथं मोकळा राहील.’ सावेडी-केडगावातले रो-हाउस असो, संगमनेरातली अपार्टमेंट असो की श्रीरामपुरातली जुनी चाळ असो, बोलणारा हे बहुधा चांगल्या मनानेच बोलतो. कुत्र्याचे हाल होऊ नयेत, शेजारी दुखावू नये आणि मालकाच्या मनाला टोचणीही लागू नये, अशी तिन्ही कामे हे एक वाक्य करते. म्हणूनच ते नीट तपासून घेतले पाहिजे. माझे म्हणणे असे, की शेजाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, पण तिच्यावर कुत्रा घालवण्याचा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो. तक्रार असते आवाजाची, घाणीची, भीतीची. या तिन्हींचा बंदोबस्त कुत्रा घरात ठेवूनच करता येतो, आणि तो करणे हे मालकाचे काम आहे.

आधी मळ्याचेच पाहू. निदान नगर जिल्ह्यातल्या, आता अहिल्यानगर म्हणू, माणसाला तरी मळा म्हणजे काय हे सांगावे लागू नये. प्रवरा-मुळेच्या पट्ट्यात, अकोले-संगमनेरपासून राहुरीपर्यंत, उसाच्या फडात बिबट्याचा मुक्काम आता नवलाचा राहिलेला नाही. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या परिसरात वर्षानुवर्षे अभ्यास केला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या शेतशिवारात, शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे त्यांना आढळले. बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा हिशेब मांडला, तेव्हा भक्ष्याच्या वजनातला ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के आणि शेळीचा ११. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे बिबट्या शेळीसाठी येतो अशी आपली समजूत, आणि प्रत्यक्षात त्याच्या जेवणात सगळ्यांत मोठा घास कुत्र्याचा! अशा शिवारात, आयुष्यभर फरशीवर पंख्याखाली झोपलेला लॅब्राडोर किंवा पॉमेरियन नेऊन ठेवायचा. गोठ्याशी साखळीने बांधला तर रात्री तो हलू शकत नाही. मोकळा ठेवला तर वस्तीवरची कुत्री त्याला टिकू देत नाहीत. ‘मळ्यावर कुत्री असतातच की,’ हा यावरचा नेहमीचा प्रतिवाद. असतात, खरे आहे. ती तिथेच वाढलेली असतात, अंधार पडला की कुठे दडायचे हे पिल्लू असल्यापासून शिकलेली असतात, आणि इतके असूनही वरच्या ३९ टक्क्यांत बहुतेक भरणा त्यांचाच असावा.

कुणी म्हणेल, मळा नको तर ओळखीतल्या चांगल्या घरी देऊ. हा पर्याय मळ्याइतका क्रूर नाही आणि त्याला सरसकट नावे ठेवणेही बरोबर नाही. कुत्री नव्या घराशी जुळवून घेतात, कधी पहिल्यापेक्षा चांगल्या घरी पडतात. पण जुळवून घेण्याची किंमत त्यांना मोजावी लागते. मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिकेतल्या एका निवारागृहातल्या कुत्र्यांचे रक्त तपासले, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत त्यांच्यातल्या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण घरात राहणाऱ्या कुत्र्यांच्या कितीतरी वर गेलेले दिसले. तरीही माझा मुख्य आक्षेप ताणाचा नाही. कुत्रा का भुंकतो याचे कारण बहुतेक वेळा त्याला कसे ठेवले आहे यात असते. नवा मालक ते कारण दूर करणार असेल, तर ते जुन्या मालकालाही करता आले असते. नवा मालकही करणार नसेल, तर हीच तक्रार दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या शेजाऱ्याच्या तोंडी सुरू होईल आणि कुत्रा तिसऱ्या दारात जाईल. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी पहिले घर सुटण्याला सबळ कारण उरत नाही. सहा-सात वर्षांच्या, ‘फार भुंकतो’ अशी ख्याती झालेल्या कुत्र्याला तिसरे दार मिळणे कठीण. पुढे उरतो रस्ता. असे सोडून देणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, उपाशी-तहानलेले राहण्याची वेळ येईल अशा स्थितीत जनावर टाकले तर शिक्षा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज दोघांचा धड नाश्ताही होत नाही. या कायद्याला कोण भिणार?

आता भुंकणे. आपल्या रो-हाउसांची रचना डोळ्यांसमोर आणा: समाईक भिंत, पुढे दहा बाय दहाचा पोर्च, लोखंडी जाळीचे गेट, आणि त्या गेटाला चार फुटी साखळीने बांधलेला कुत्रा. सकाळी नऊला घरातली माणसे कामाला जातात, सहाला परततात. पाण्याचे भांडे अकराच्या सुमारास साखळीत अडकून कलंडते. जाळीतून रस्ता दिसतो. घंटागाडी येते, दूधवाला येतो, कुरिअरवाला येतो, मांजर कंपाउंडवरून चालत जाते. कुत्रा प्रत्येकावर भुंकतो, आणि प्रत्येक जण निघून जातो. तो गेला त्याच्या कामासाठी, पण कुत्र्याच्या हिशेबी तो आपल्या भुंकण्यामुळेच गेला. दिवसातून वीस वेळा यश मिळणारी गोष्ट कोणता प्राणी सोडून देईल? त्यात फिरणे नाही, सोबत नाही, करायला दुसरे काही नाही. ‘जातच भुंकणारी’ असे आपण म्हणतो, तेव्हा हा सगळा दिनक्रम आपण हिशेबातून गाळलेला असतो. काही जाती जास्त भुंकतात, हे खरेच आहे. पण तास-तासभर चालणारे भुंकणे जातीच्या माथी मारता येत नाही, ते साखळीतून आणि एकटेपणातून येते.

शेजाऱ्याची बाजू मी हलकी करत नाही. मोठ्या कुत्र्याचे भुंकणे जवळून मोजले तर नव्वद डेसिबलच्या आसपास सहज जाते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. नळाला पाणी सुटते म्हणून आधीच पहाटे उठणाऱ्या घरात उरलेली झोपही कुत्र्याने खाल्ली, तर माणूस चिडेल नाही तर काय करील? ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे, आजारी आजोबा आहेत, बारावीची मुलगी आहे, त्यांना ‘मुक्या प्राण्यावर प्रेम करा’ असे ऐकवणे हा उद्धटपणा आहे. तक्रारीचा राग न धरता ती नोंदवून घेतली पाहिजे. ‘तुमचा कुत्रा फार भुंकतो’ यातून काही हाती लागत नाही. ‘पहाटे साडेचारला टँकर आला की वीस मिनिटे भुंकतो’ असे कुणी सांगितले तर अर्धा उपाय तिथेच सापडतो.

परंतु तक्रारीचा हक्क आणि हद्दपारीचा हक्क यांत अंतर आहे, आणि सोसायटीच्या सभेत नेमके तेच पुसले जाते. ‘बहुमताने ठराव झालाय’ असे सांगितले की मालक गप्प होतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की बहुमताने, अगदी एकमतानेही, निवासी संस्थेला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि मालकावर प्राणी सोडण्यासाठी दबावही आणता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अशी बंदी घालणाऱ्या अटी बेकायदा ठरवल्या. हा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, आणि मंडळाच्या सूचनाही सूचनाच आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. भाड्याने राहणाऱ्याची अवस्था तर याहून नाजूक, कारण अकरा महिन्यांचा करार नव्याने न करण्याला घरमालकाला कारणही द्यावे लागत नाही. पण केरळच्या त्या निकालातली दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. बंदी नाही, मात्र वाजवी अटी घालण्याचा अधिकार संस्थेला आहे, असेही तिथे म्हटले आहे. नेमके हेच आपल्या सभांमध्ये कुणी करत नाही. एकतर ‘कुत्रा काढा’, नाहीतर ‘आमचा कुत्रा, आमचे घर’. लोणीला पन्नासच्या दशकारंभी सहकारी साखर कारखाना उभा करून देशाला सहकार शिकवणाऱ्या जिल्ह्यात, वीस घरांच्या सहकारी संस्थेला भुंकण्यावर चार नियम करता येऊ नयेत, हे जरा लाजिरवाणेच आहे.

अलीकडे सर्वोच्च न्यायालयाचा दाखलाही फेकला जातो: ‘कोर्टानंच सांगितलंय, कुत्री हटवा.’ ११ ऑगस्ट २०२५चा आदेश दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल होता. २२ ऑगस्टला तो बदलला आणि नसबंदी-लसीकरण झालेली कुत्री, रेबीजची किंवा आक्रमक वगळता, मूळ जागी सोडण्यास सांगितले गेले. ७ नोव्हेंबरचा आदेश शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणच्या भटक्या कुत्र्यांचा. घरात पाळलेल्या, लस टोचलेल्या कुत्र्याशी यांचा काही संबंध नाही. उलट तक्रारीपोटी रस्त्यावर सोडलेला प्रत्येक पाळीव कुत्रा त्या भटक्यांच्या संख्येत भरच घालतो.

आता मालकांकडे वळतो, कारण कायद्याचे हे कागद हाती घेऊन शेजाऱ्याला वाकुल्या दाखवणारे मालक मला तक्रारदारापेक्षा जास्त दोषी वाटतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या जनावरापासून इतरांना धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कुत्रा ही हौस आहे, आणि त्या हौसेचे कष्ट शेजाऱ्याने सोसायचे नसतात. पिल्लू गोंडस आहे म्हणून मुलांच्या हट्टापायी आणायचे, वर्षभराने पोर्चमध्ये बांधायचे, आणि तक्रार आली की ‘लोक किती निर्दय’ म्हणत मळ्यावर पोहोचवायचे. यातली निर्दयता शेजाऱ्याची नव्हेच.

मग करायचे काय? उदाहरण जिल्ह्यातच आहे. हिवरे बाजारने चराईबंदी केली. रानात मोकाट चरणाऱ्या जनावरांमुळे गवत-झाडे टिकत नव्हती, तक्रार खरी होती. पण गावाने जनावरे बाळगायला बंदी केली नाही. जनावर कुठे आणि कसे राहील याचा नियम केला. जनावरे दावणीला आली, गवत वाढले, ते कापून आणून घालू लागले, आणि गावातले दूध वाढले. गाई आणि घरातला कुत्रा सारखे नाहीत, मान्य. पण जनावराचा त्रास होत असेल तर आधी त्याच्या राहण्याला शिस्त लावायची, ही रीत इथेही तशीच लागू पडते. गेटाच्या जाळीला खालून चार फूट पत्रा किंवा अपारदर्शक शीट लावली की रस्ता दिसणे थांबते आणि निम्मे भुंकणे तिथेच संपते. घंटागाडी येण्याआधी पाऊण तास चांगले फिरवून आणले तर गाडी येते तेव्हा कुत्रा पेंगत असतो. रात्री दहानंतर तो घरात, शेजाऱ्याच्या भिंतीपासून लांबच्या खोलीत. दिवसभर घर रिकामे असेल तर दुपारी कुणीतरी येऊन जाईल अशी पगारी व्यवस्था. ती परवडत नसेल तर कुत्रा मुळात आणायलाच नको होता. रेबीजची लस दरवर्षी, दाखल्याची प्रत सोसायटीच्या फायलीत. फिरायला नेताना पट्टा हातात, विष्ठा उचलायला पिशवी खिशात. एवढे सहा-आठ आठवडे सातत्याने करूनही फरक पडला नाही, तर पशुवैद्याला दाखवावे. कानाचे, सांध्याचे दुखणे, म्हातारपणातला गोंधळ यांनीही कुत्रा रात्री ओरडतो.

यावर शेवटचा आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप शेजारधर्माचा: अडीअडचणीला शेजारी धावून येतो, कुत्रा येत नाही, मग कुणाला जपायचे? मला हा प्रश्नच चुकीचा मांडलेला दिसतो. कुत्रा देऊन टाकून मिळवलेला शेजार गोड राहत नाही. ज्या घरातली मुले त्या दिवशी रडली, ते घर पुढे दिवाळीचा फराळ कोणत्या मनाने देईल? शेजारधर्म दोन्ही बाजूंनी आहे; एकाने पोर्चला पत्रा लावायचा, दुसऱ्याने त्याला दोन महिने द्यायचे. मात्र काही प्रसंगी कुत्रा देणे हाच योग्य मार्ग ठरतो, हेही खुलेपणाने मान्य करावे. कारण नसताना चावलेला आणि पशुवैद्याच्या मते पुन्हा चावण्याची शक्यता असलेला कुत्रा दाट वस्तीत ठेवू नये. एकट्या राहणाऱ्या वृद्ध मालकाला त्याचे करणे झेपेनासे होते, तेव्हाही. अशा वेळी नवे घर स्वतः जाऊन पाहावे, कुत्र्याच्या सवयी, आजार, चावल्याची घटना काहीही न लपवता सांगावी, लसीचे कागद द्यावेत, आणि जमले नाही तर परत घेण्याचा शब्द द्यावा. टेम्पोत घालून बंधाऱ्याकाठी उतरवणे यात कुठेही बसत नाही.

तेव्हा पुढच्या सभेत कुत्र्याचा विषय आला, तर सचिवांना एवढीच विनंती: इतिवृत्तात ‘कुत्रा हटवावा’ असे लिहू नका. भुंकण्याच्या वेळा लिहा, मालकाने मान्य केलेल्या अटी लिहा, त्या पाळण्यासाठी दोन महिन्यांची मुदत लिहा आणि खाली दोन्ही घरांच्या सह्या घ्या. मुदतीनंतर मालकाने काहीच केले नसेल, तर दंड मालकाला लावा.