बायकोच्या नावावर जीएसटी नंबर चालवणाऱ्यांस जाहीर इशारा

तिसगाव, मढी, निवडुंगे, करंजी, मिरी आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरून जीएसटीची, आयकराची कामं घेऊन माझ्याकडे येणाऱ्या भाऊमंडळींनो, तोंडी सांगून माझा घसा बसला आणि तुमच्यावर परिणाम शून्य. म्हणून आता छापून सांगते.

ज्यांच्या घरात बायकोच्या नावावर फर्म आहे आणि त्या बाईने आजवर माझ्या ऑफिसची पायरी चढलेली नाही, त्यांनी येत्या 31 मार्चपर्यंत तिला माझ्या टेबलासमोर आणून बसवायचं. ती आली नाही, तर 1 एप्रिलला तिच्या नंबरवरचा सगळा हिशेब, थकबाकी आणि व्याजासकट, मी तिच्या नावाने घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवणार. मार्चचं विवरणपत्र 20 एप्रिलपर्यंत भरायचं असतं. तोवर तिचा निरोप आला नाही, तर ते माझ्या हातून भरलं जाणार नाही. विवरण थांबलं की लेट फी तिच्याच नावावर चढते, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. म्हणूनच पत्र आधी जाईल, काम नंतर थांबेल. कागदावर माझी अशील ती आहे. तुम्ही नाही.

मढीची यात्रा आहे, होळीपासून पाडव्यापर्यंत दुकान सोडून हलता येत नाही, ही सबब ऐकली जाणार नाही. यात्रा दरवर्षी याच दिवसांत येते आणि मार्चअखेरही.

आता हे प्रकरण घडतं कसं, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. नवऱ्याचा नंबर असतो. सहा महिने विवरण भरलं जात नाही, नंबर रद्द होतो. जुनी बाकी भरल्याशिवाय तो परत चालू होत नाही. मग कुणीतरी शहाणा टपरीवर तोडगा सुचवतो. पॅन बायकोचं, आधार बायकोचं, जागेचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती, आणि मोबाइल नंबर मात्र नवऱ्याचा. ओटीपी येतो त्याच्या फोनवर. नंबर निघतो. मुरूम, जेसीबी, सिमेंट, खत, ग्रामपंचायतीचा ठेका, सगळं तिच्या नावाने सुरू होतं आणि ती घरी भाकरी थापत असते. मी विचारते, बाई कुठंय? उत्तर ठरलेलं: "मिसेसची सही घरून आणतो ना मॅडम. तिला काय कळतंय यातलं?"

तिला कळत नाही, हे तुम्ही कबूल करताय. मग तिच्या डोक्यावर काय ठेवताय, हे तुम्हाला तरी कळतंय का?

एकटीच्या मालकीच्या फर्ममध्ये फर्म वेगळी आणि बाई वेगळी असा प्रकार नसतो. पॅन तिचं, म्हणजे कर तिचा. न भरलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज तिचं. वसुली निघाली की वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 79 खाली आधी बँकेला पत्र जातं आणि तिचं खातं गोठतं. तेवढ्याने भागलं नाही, तर जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला जातो. तिला बापाकडून वाटणीला आलेला अर्धा एकर त्यात सुटत नाही. आणि ते गोठलेलं खातं बहुतेक घरांत तेच असतं, ज्यात लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये येतात. ही एक वेगळीच गंमत. त्या योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात कुणी आयकर भरणारं नको. इकडे तुम्ही तिच्या नावाने चाळीस लाखांची बिलं फाडताय, तिकडे तिच्याकडून गरिबीचं हमीपत्र भरून घेताय. दोन्ही कागद एकाच आधारला बांधलेले आहेत. ते एकमेकांना भेटणार नाहीत, या भरवशावर राहू नका.

आपल्या पाथर्डी तालुक्याला हे नवीन नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल घेतो नवरा, आणि ती फिटेस्तोवर ऊस दोघं तोडतात. फरक एवढाच की कोयत्यातल्या बाईला उचलीचा आकडा माहीत असतो.

भागीदारीत तर याहून वाईट. बँकेने सुचवलं, सीएने सांगितलं, कर्जाला बरं पडतं म्हणून बायकोला दहा टक्क्यांची भागीदार केलं. दहा टक्के म्हणजे दहा टक्क्यांचीच जबाबदारी, असं तुम्ही तिला सांगता. साफ खोटं. जीएसटी कायद्याच्या कलम 90 प्रमाणे फर्मचा कर, व्याज आणि दंड यांना प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि वेगवेगळा जबाबदार असतो. म्हणजे सरकारला नव्वद टक्केवाल्याच्या मागे लागायची सक्ती नाही. ज्याच्याकडे सापडेल त्याच्याकडून सगळं घेता येतं. आणि सापडते कोण? जिच्या नावावर घर आहे, जी गावात आहे, जी पळून जाणार नाही, ती.

याच कलमात तिच्या सुटकेचा एक दरवाजा आहे आणि तोच तुम्ही तिला दाखवत नाही. भागीदारीतून ती निवृत्त झाली, तर निवृत्तीची तारीख आयुक्तांना लेखी कळवायची असते. फर्मने कळवावी किंवा तिने स्वतः. त्या तारखेपर्यंतची देणी तिच्याकडे राहतात, पुढची नाहीत. पण हे कळवायला मुदत एका महिन्याची. महिना टळला, तर कळवल्याची चिठ्ठी ज्या दिवशी पोचेल त्या दिवसापर्यंत ती अडकलेलीच राहते. नोटरीपुढे निवृत्तीपत्र झालं, पेढे वाटले, कागद कपाटात गेला आणि तीन वर्षांनी त्या तीनही वर्षांची देणी बाईच्या गळ्यात पडली, असं होऊ शकतं. भांडून माहेरी आलेल्या लेकींच्या बापांनो, तुम्हीही हे वाचा. संसार मोडला म्हणून भागीदारी मोडत नाही. फारकतीचे कागद करताना वकिलाला पोटगीबद्दल विचारता, तसंच जीएसटीच्या पोर्टलवर पोरीचं नाव अजून आहे का, हेही विचारा.

बाईला काही ठाऊकच नव्हतं, तर तिला सूट नाही का? अमेरिकेत आहे. तिथे नवरा-बायकोला एकत्र विवरणपत्र भरता येतं आणि तसं भरलं की दोघंही पूर्ण करासाठी जबाबदार, घटस्फोटानंतरसुद्धा. पण तिथल्या संसदेने 1998 मध्ये फसवल्या गेलेल्या जोडीदारासाठीची सवलत वाढवली. 8857 क्रमांकाचा अर्ज भरायचा आणि दाखवून द्यायचं की चूक नवऱ्याची होती, मला ती ठाऊक नव्हती, ठाऊक असायचं कारणही नव्हतं आणि हे माझ्याकडून वसूल करणं अन्यायाचं आहे. वसुली सुरू झाल्यापासून दोन वर्षांत हा अर्ज करावा लागतो आणि तोही तपासून, खोदून पाहतात. आपली जी पोरं-पोरी तिकडे नोकरीला आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं. इकडे मात्र असा अर्ज नाही. आपल्याकडे एकत्र विवरणपत्रच नसतं, ज्याचं पॅन त्याचा हिशेब, म्हणून निर्दोष बायकोसाठी कायद्यात वेगळी खिडकी ठेवलेली नाही. मला माहीत नव्हतं, एवढ्या सांगण्यावर इथे कर माफ होत नाही.

तरीही भाऊ, पदराआड लपून तुम्ही सुटला असं समजू नका. 1 जानेवारी 2021 पासून जीएसटी कायद्याच्या कलम 122 मध्ये 1अ हे पोटकलम लागू आहे. मालाविना बिल फाटलं किंवा बिलाविना माल गेला, तर ज्याच्या सांगण्यावरून ते झालं आणि फायदा ज्याच्या पदरात पडला, त्यालाही चुकवलेल्या कराइतका दंड होतो. नंबर कुणाच्या का नावावर असेना. याने तिचा कर फिटत नाही, पण तुमचं नाव कागदावर येतं. ते येण्यासाठी तिने फक्त खरं बोलायचं आहे. कोणाच्या फोनवर ओटीपी येत होता, पैसे कोणाच्या खात्यात वळते होत होते, माल कोण उतरवून घेत होतं. बाई माझ्यासमोर बसली आणि तिने विचारलं, तर ते कसं लिहून द्यायचं हे मी तिला सांगणार. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर दगा दिला असं म्हणायला नको.

आता ताई-वहिनींना दोन शब्द. हा कागद घरात आला आणि कुणी लपवला, तर शेजारणीकडून मागून वाचा. तुमच्याविरुद्धचा आदेश दारात पोस्टमन घेऊन येईलच असं नाही. पोर्टलवर टाकला तरी तो बजावला असं कायदा मानतो. आदेश कळवल्यापासून अपिलाला तीन महिने मिळतात. पटण्यासारखं कारण असेल तर आणखी एक महिना. त्यासाठी वादातल्या कराच्या दहा टक्के रक्कम आधी भरावी लागते. या चार महिन्यांपुढे अपील अधिकाऱ्याच्या हातात काही उरत नाही, म्हणून नवऱ्याने "बघू, करू" म्हणत घालवलेला एकेक आठवडा तुमच्या खात्यातून जातो. कर मान्य आहे पण पैसा नाही, तर कलम 80 खाली 24 मासिक हप्ते मागता येतात. मात्र आपल्याच विवरणात आपण दाखवलेल्या कराला ही सोय नाही, आणि एक हप्ता चुकला की उरलेलं सगळं एकदम मागतात. नवरा वारला आणि धंदा बंद केला, तर त्याच्या मागे राहिलेल्या इस्टेटीपुरतीच वसुली होते. तुमच्या स्वतःच्या मिळकतीतून नाही. पण धंदा तुम्ही पुढे चालवलात, तर जुनं देणंही तुमचं. दहाव्याच्या आत कुणी "नंबर चालू ठेवा वहिनी" म्हणून सही मागायला आलं, तर त्याला तेराव्यानंतर यायला सांगा आणि तोवर कुणालातरी विचारा.

मंगळसूत्र जप्त होण्याची भीती अनेकींना असते. धर्माचाराने जे दागिने बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत, ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने जप्तीतून वगळले आहेत. पाटल्या, बांगड्या त्यात धरून चालू नका.

जीएसटीशी आपला संबंध नाही म्हणून काही जण इथे पान उलटतील. थांबा. 2003 मध्ये शासनाने गावातली घरं नवरा-बायको दोघांच्या नावाने लावायला सांगितली. चांगलंच केलं. पण घर दोघांचं झालं तशी घरपट्टीची थकबाकीही दोघांची झाली, हे किती घरांत बोललं गेलं? ग्रामपंचायतीची मागणी थकली तर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 129 खाली जंगम मालाची जप्ती होऊ शकते. त्याहून मोठा फटका कलम 14 चा. बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर सदस्यत्व जातं. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की एकत्र हिंदू कुटुंबातल्या एकाने कर थकवला, तर अपात्रता सगळ्या कुटुंबाला लागते. निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. सरपंच बाई, आणि थकबाकी ठेवणारे सासरे किंवा नवरा. विरोधक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन जातो आणि खुर्ची तिची जाते. 2025 च्या अखेरीस मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात राहत्या घरांच्या जुन्या थकबाकीवर निम्मी सूट देण्याची मुभा ग्रामपंचायतींना मिळाली होती. अशी संधी दर साल येत नाही, आणि आली तरी ती बातमी पारावर थांबते, चुलीपर्यंत जात नाही.

माझ्यावर आरोप होणार की ही बाई घरं फोडते. होऊ द्या. धंदा खरंच मिळून चालवणारी जोडपीही माझ्याकडे येतात. त्यांत बाईला बिलबुक पाठ असतं, उधारी कुणाकडे किती ती तोंडावर सांगते, आणि चलन भरताना तीच नवऱ्याला ओरडते. त्यांना या इशाऱ्यातलं एक अक्षरही लागू नाही. बाकीच्यांना सगळं लागू आहे. ओळख, नातं, सोयरीक, कुणाची चिठ्ठी, कशानेही तारीख हलणार नाही. दुसऱ्या सल्लागाराकडे जायचं असेल तर खुशाल जा, कागद लगेच देईन. पण नाहरकत पत्रावर सही तिचीच लागेल, आणि माझ्यासमोर.

येताना तिचं पॅन, आधार, तिच्या नावावरच्या सगळ्या बँक खात्यांची पुस्तकं आणि भागीदारी असेल तर करारपत्राची प्रत आणा. पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि ईमेल त्याच दिवशी बदलून तिचा टाकला जाईल, म्हणून तिचा फोन चार्ज करून, रिचार्ज मारून आणा. फोन नसेल तर आधी घ्या. आतापर्यंतची बाकी तिला वाचून दाखवेन, तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर बसायचं. फर्म ठेवायची, बंद करायची की निवृत्तीपत्र करायचं, हे ती सांगेल तसं लिहीन. ऑफिस सकाळी दहा ते सहा, 31 मार्चला रात्री नऊपर्यंत उघडं आहे.