नर्सिंगची मुलाखत आणि आमची मुले

एच.एस.सी.चे निकाल लागले, की आमच्या घरांतून एक बोलणे हमखास ऐकू येते : मुलीला नर्सिंगला पाठवू या का? आता मुलगेही त्या वाटेने जातात, आणि ते योग्यच आहे. ही वाट आम्हांला नवी नाही. १९६० व १९७० च्या दशकांत मॉरिशसमधील पुष्कळ तरुण मंडळी इंग्लंडच्या इस्पितळांत हे शिक्षण घेण्यासाठी गेली. त्यांतली काही परत आली, काही तिकडेच राहिली. आजही कोणी इथे अर्ज करतो, कोणी इंग्लंडला. गुणपत्रिका चांगली असूनही मुले अडतात ती मुलाखतीत, आणि तिथेही एकाच जातीच्या प्रश्नापाशी.

अलीकडेच काही मुले आमच्यापाशी सरावासाठी आली होती. आम्ही विचारले : मधुमेहाने पाय सडलेले एक वृद्ध गृहस्थ वॉर्डात आहेत. पाय काढला नाही तर जिवाला धोका आहे, असे डॉक्टर सांगतात. गृहस्थ नको म्हणतात. त्यांचा मुलगा तुम्हांला बाजूला घेऊन म्हणतो, काहीही करा, पण बाबांची सही घ्या. तुम्ही काय कराल?

पहिली मुलगी म्हणाली, "डॉक्टर सांगतील तसे करीन." दुसरी म्हणाली, "रुग्णाची इच्छा हीच शेवटची." तिसरा मुलगा म्हणाला, "दोन्ही बाजूंचा विचार करावा लागेल," आणि गप्प बसला.

आम्हांला चिंता वाटली ती तिसऱ्याची. आपण समतोल उत्तर दिले, अशी त्याची खात्री होती. पण दोन्ही पारड्यांत माल घातल्यावर काटा कुठे थांबला हे सांगावे लागते, नाहीतर तराजू कशाला हवा?

प्रश्न आम्ही मुद्दाम घरचा घेतला होता. या बेटावर पाचांतल्या सुमारे एका प्रौढाला मधुमेह आहे, आणि पाय गमावलेला एखादा काका वा मामा बहुतेक कुटुंबांत निघतो. मग उत्तर कसे द्यावे? आधी त्या गृहस्थांशेजारी बसून, ते नको का म्हणतात हे विचारीन, असे सांगावे. कदाचित शस्त्रक्रियेची भीती असेल. कदाचित आपण मुलांवर ओझे होऊ, ही लाज असेल. कदाचित डॉक्टरांचे बोलणे फ्रेंचमध्ये झाले आणि त्यांना ते क्रिओलमध्ये समजावून हवे असेल. हे सारे वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेला व डॉक्टरांना कळवीन, म्हणजे ते पुन्हा नीट समजावतील. मुलाची तळमळ खरी आहे, त्यालाही धीर देईन. पण वडील शुद्धीवर व समजत्या मनाचे असतील, तर सही करायची की नाही हे त्यांनीच ठरवायचे. दडपून वा फसवून सही घेणार नाही, आणि त्यांनी नकार दिला तरी त्यांच्या सेवेत कमी करणार नाही. या उत्तरात दोन्ही बाजू आल्या, निर्णय आला, आणि आपल्या अधिकाराची मर्यादाही आली. विद्यार्थ्याने डॉक्टरची खुर्ची घेऊ नये, हे परीक्षक बारकाईने पाहतात.

बोशां व चिल्ड्रेस या अमेरिकन विद्वानांनी १९७९ साली आपल्या ग्रंथात चार तत्त्वे मांडली : रुग्णाचा स्वनिर्णय, त्याचे हित, त्याला अपाय न करणे, आणि न्याय. ती जरूर वाचावीत. मात्र ही चार नावे घडाघडा म्हणून दाखवणाऱ्याला परीक्षक लगेच ओळखतो.

आमच्या मुलांची खरी अडचण निराळीच आहे. आमच्या घरांत आजीचा आजार आजीला सोडून सगळ्यांना ठाऊक असतो. "तिला सांगू नका, खचेल," असे मोठे म्हणतात, आणि त्यामागे मायाच असते. मुलाखतीत या मायेची निंदा करण्याचे कारण नाही. आमच्याकडे असे घडते, ते का घडते हे मी जाणते, पण नर्स म्हणून रुग्णाने मला सरळ विचारले तर मी खोटे बोलणार नाही, डॉक्टरांना बोलावीन, असे म्हणता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. इतक्या लहान बेटावर ती सर्वांत कठीण. कांदोसच्या इस्पितळात काम करणाऱ्या मुलीच्या वॉर्डात वाक्वाचाच शेजारी दाखल होणार, आणि गणपतीच्या दिवशी मावशी हळूच विचारणार, "काय गं, त्याला नक्की झालंय तरी काय?" एच.आय.व्ही.ची बाधा असलेल्यांसाठी २००६ साली आपल्याकडे कायदा झाला, पण मावशीला थोपवायला कायदा येत नाही. आम्ही हाच प्रश्न विचारला, तेव्हा पहिली मुलगी बराच वेळ अडली. शेवटी म्हणाली, "मावशी, तुम्हीच आजारी पडलात तर तुमचंही मी कुणाला सांगणार नाही." हे उत्तर तिने कुठे वाचलेले नव्हते.

गर्भपाताचा प्रश्नही येऊ शकतो. आपल्या देशात २०१२ पासून काही मोजक्या परिस्थितींत त्याला मुभा आहे. स्वतःचे मत असावे, पण खाटेवरच्या बाईला ते ऐकवणे हे नर्सचे काम नव्हे, एवढे मुलांनी सांगितले तरी आम्हांला पुरे वाटेल. सहकाऱ्याकडून औषध चुकले तर काय, याला फार विचार लागू नये : आधी रुग्णाला सांभाळायचे, मग लगेच वरिष्ठांना कळवायचे, मैत्री असली तरी.

पालकांना एक विनंती. उत्तरे लिहून देऊन पाठ करून घेऊ नका. आपल्या गावांत इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स आहेत. एखाद्या संध्याकाळी मुलांना त्यांच्याकडे बसवा, आणि त्यांना सर्वांत कठीण गेलेल्या दिवसाविषयी विचारू द्या. त्या सगळे सांगतील, फक्त रुग्णाचे नाव आणि गाव गाळतील. ते का गाळले, हे परतताना मुलांना विचारून पाहा.