पैसा दिला, निर्णयही द्या



अमेरिकेत १९२० साली ९ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते. २०१७ च्या शेतीगणनेत ५० हजारही भरले नाहीत. सरकारी कर्ज देताना रंग पाहून डावलले म्हणून ते कोर्टात गेले. १९९९ मध्ये सरकारला भरपाई कबूल करावी लागली. तोवर अनेकांची जमीन गेली होती.

आता न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘ब्लॅक फार्मर फंड’मध्ये कर्ज-अनुदान कुणाला द्यायचे, हे कृष्णवर्णीय शेतकरी आणि अन्नव्यावसायिकच बसून ठरवतात. आम्हाला हे पटते. शेजाऱ्याची नड आणि पत गावाइतकी साहेबाला कळत नाही. ‘आपसांत वाटून खातील’ ही शंका असेल, तर हिशेबाची वही चारचौघांत वाचायला लावा. निर्णय मात्र काढून घेऊ नका.